बाळाच्या लसी सरकारीत घ्याव्यात की खासगीत? नव्या आईबाबांसाठी

सरकारी दवाखान्यात मिळते ती साधी लस आणि बालरोगतज्ज्ञांकडे मिळते ती चांगली, हा समज शहरातल्या घरांत इतका पक्का बसला आहे की बाळ बघायला आलेला प्रत्येक जण तोच सल्ला देऊन जातो. प्रत्यक्षात देशातली जवळजवळ सगळी मुलं सरकारी लसीवरच वाढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात १२ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी ९४ टक्क्यांहून जास्त मुलांनी बहुतेक लसी सरकारी ठिकाणी घेतलेल्या आढळल्या. खासगीत घेणारी मुलं ४ टक्क्यांच्या आसपास होती.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली मुलं ग्रामीण भारतात ७६.८ टक्के होती आणि शहरी भारतात ७५.५ टक्के. शहरात गल्लोगल्ली बालरोगतज्ज्ञ आहेत, मोठी इस्पितळं आहेत, आणि तरीही शहर गावाच्या पुढे नाही. गावात आशाताई दारात येते, अंगणवाडीत लसीकरणाचा वार ठरलेला असतो, आणि कुणाचं बाळ आलं नाही हे गावाला माहीत असतं. शहरात भाड्याचं घर बदललं की त्या कुटुंबाचा माग कुणालाच राहत नाही. महाराष्ट्रात हे प्रमाण आधीच्या फेरीत सुमारे ५६ टक्के होतं, ते पाचव्या फेरीत ७३ टक्क्यांवर आलं. वाढ मोठी आहे, पण म्हणजे चारातलं एक मूल अजून अर्धवटच राहतं.

हे मूल सरकारी लस घेतल्यामुळे मागे राहत नाही आणि खासगी घेतल्यामुळेही नाही. जन्म एकीकडे, पुढचा डोस दुसरीकडे, कार्ड तिसरीकडे, अशा फटीतून ते निसटतं. ही फट कशी बुजवायची, ते पुढे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: प्रसूतीच्या दवाखान्यातून घरी निघण्याआधी

जन्मल्याबरोबर तीन लसी असतात. क्षयरोगाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवणारी बीसीजी डाव्या दंडावर देतात. पोलिओचे थेंब तोंडात देतात. या डोसला कार्डावर शून्य डोस म्हणतात. आणि काविळ ब, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस मांडीत देतात. या तिघींत काविळीच्या लसीची घाई सगळ्यांत जास्त असते, कारण ती २४ तासांच्या आत द्यायची असते. आईकडून बाळाला होणारा संसर्ग त्याच वेळेत रोखता येतो. तिसऱ्या दिवशी दिलेल्या लसीला ती ताकद राहत नाही.

सरकारी रुग्णालयात हे तिन्ही डोस सहसा आपोआप होतात. खासगी प्रसूतिगृहात मात्र विचारावं लागतं. बीसीजीची कुपी अनेक डोसांची असते आणि एकदा पातळ केली की चार तासांत संपवावी लागते. म्हणून बरीच छोटी प्रसूतिगृहं बीसीजीचा एक वार ठरवतात आणि बाळंतिणीला त्या वारी परत यायला सांगतात. सिझेरियनच्या टाक्यांवर असलेली आई परत येत नाही, आणि बीसीजी राहून जाते. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरना सरळ विचारा: "तिन्ही लसी झाल्या का? तारखा कागदावर लिहून द्या." बीसीजी राहिली असेल तर जवळच्या सरकारी केंद्रात ती एक वर्षापर्यंत देतात, पण तोवर थांबू नका.

दुसरी पायरी: कार्ड एकच ठेवा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. त्यामुळे बाळ जन्मतं एका तालुक्यात आणि वाढतं दुसऱ्या. माहेरच्या उपकेंद्रात बीसीजी आणि दीड महिन्याचा डोस होतो, मग बारसं आटोपून आई सासरी येते, आणि कार्ड माहेरच्या कपाटात राहतं. इकडच्या सिस्टरना ते बाळ यादीतच दिसत नाही; तिकडच्या यादीत ते 'स्थलांतरित' होऊन जातं. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, वीटभट्टीवरची, बांधकामावरची माणसं यांच्या मुलांचं तर दरवर्षी असं होतं. पण सुखवस्तू घरातल्या बाळाचंही याच कारणाने होतं, हे लक्षात घ्या.

सरकारी यंत्रणेतून गरोदरपणातच माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. खासगी डॉक्टर स्वतःची रंगीत पुस्तिका देतात. दोन्ही असतील तर दोन्ही जपा, पण एकात सगळं उतरवून घ्या. माझा आग्रह सरकारी कार्डासाठी आहे, कारण ते राज्यातल्या कुठल्याही केंद्रात ओळखतात आणि त्यातले रकाने सरकारी वेळापत्रकाप्रमाणेच असतात. खासगीत घेतलेल्या लसीची तारीख त्यात भरून डॉक्टरांची सही घ्यायला काही अडचण येत नाही. प्रत्येक डोसनंतर त्या पानाचा फोटो काढून नवरा-बायको दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.

आता यू-विन नावाची ऑनलाइन नोंदणीही सुरू आहे. कोविडच्या लसीला कोविन होतं, त्याच धर्तीवर ही बाळांसाठी. मोबाइल नंबरवर बाळाची नोंद होते, पुढच्या डोसचा संदेश येतो, आणि क्यूआर कोड असलेलं प्रमाणपत्र उतरवून घेता येतं. सरकारी सत्रात सिस्टरना नंबर द्या आणि नोंद झाली का ते तिथेच बघा. माहेर-सासर बदलताना नंबर तोच ठेवायचा. माहेरी वडिलांचा नंबर आणि सासरी नवऱ्याचा नंबर दिला, तर एकाच बाळाच्या दोन नोंदी होतात आणि दोन्ही अपुऱ्या राहतात.

तिसरी पायरी: दीड, अडीच, साडेतीन

सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत, हा रिवाज लसीच्या आड येत नाही, कारण पुढचा डोस सहा आठवड्यांचा असतो. लोक त्याला 'दीड महिन्याचं इंजेक्शन' म्हणतात. मग अडीच महिन्याचं आणि साडेतीन महिन्याचं. वेळापत्रकात हे ६, १० आणि १४ आठवडे असं लिहिलेलं असतं. सरकारी केंद्रात काय काय देतात ते आधी माहीत असलं की तिथे गोंधळ होत नाही:

- दीड महिना: तोंडाने पोलिओ आणि रोटा, उजव्या दंडावर पोलिओचं छोटं इंजेक्शन, डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही.
- अडीच महिने: तोंडाने पोलिओ आणि रोटा, डाव्या मांडीत पेंटा. या वेळी सुई एकच.
- साडेतीन महिने: दीड महिन्यासारखंच सगळं पुन्हा.

पेंटा म्हणजे एका सुईत पाच आजारांपासून संरक्षण: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, काविळ ब आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा मेंदूज्वर-न्यूमोनिया. रोटा ही बाळांना होणाऱ्या जोराच्या जुलाबांसाठी. महाराष्ट्रात सरकारी यंत्रणेत रोटा २०१९ साली आली आणि पीसीव्ही २०२१ साली. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या कार्डात या लसी नसतील तर त्यात नवल नाही, आणि "आमच्या थोरल्याला कुठे दिल्या होत्या?" हे धाकट्याला न देण्याचं कारण होऊ शकत नाही.

दंडावर दिलेलं पोलिओचं इंजेक्शन अगदी थोडं, कातडीतच देतात. ते बघून काही आईबाबांना वाटतं की सिस्टरनी औषध वाचवलं. तसं काही नाही. पोलिओच्या इंजेक्शनचा कातडीत द्यायचा डोसच ०.१ मिलिलिटर असतो, आणि तो तीन वेळा देतात: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. खासगीत तीच लस पूर्ण मात्रेने स्नायूत देतात. पद्धती दोन आहेत आणि दोन्हींनी संरक्षण मिळतं.

एका दिवशी तीन सुया बघून आजीचा जीव कासावीस होतो, ते साहजिक आहे. पण "एक आज, दोन पुढच्या आठवड्यात" असं करू नका. एकाच वेळी या लसी देणं सुरक्षित असतं, आणि पुढे ढकललेली सुई बहुतेकदा राहूनच जाते.

चौथी पायरी: कुठे जायचं ते ठरवा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन्हीकडच्या लसींत फरक आहेत, पण ते लोक समजतात तिथे नाहीत.

*वेदनेचा फरक.* खासगीत 'पेनलेस' म्हणून विकली जाते ती डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने बनवलेली लस. तिने ताप कमी येतो, मांडी कमी सुजते, बाळ कमी रडतं. हा फायदा खरा आहे. पण त्या लसीने मिळालेलं डांग्या खोकल्याविरुद्धचं संरक्षण जुन्या पद्धतीच्या लसीपेक्षा लवकर ओसरतं, हेही तितकंच खरं आहे. सरकारी पेंटातली लस जुन्या पद्धतीची आहे. एक रात्र जागावी लागते, आणि संरक्षण जास्त टिकतं. ज्यांना ताप-रडण्याची धास्ती आहे त्यांनी खासगी लस घ्यावी, त्यात गैर काही नाही. पण ती जास्त 'पॉवरफुल' आहे असं समजून घेऊ नये.

*यादीतला फरक.* खासगी बालरोगतज्ज्ञ भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या वेळापत्रकाने चालतात. त्यात सरकारी यादीतलं सगळं आहे, आणि वर फ्लू, टायफॉइड, काविळ अ, कांजिण्या, आणि गोवर-रुबेलाच्या जोडीला गालगुंडाची लस आहे. सरकारी एमआर लसीत गालगुंड नसतं; खासगी एमएमआरमध्ये असतं. पीसीव्हीचं गणितही वेगळं आहे. सरकारीत दोन डोस आणि नऊ महिन्यांना बूस्टर. खासगीत तीन डोस आणि वर्षानंतर बूस्टर.

*पैशाचा फरक.* सरकारीत एक रुपयाही लागत नाही. रेशनकार्ड, रहिवासी दाखला, या राज्यात जन्मल्याचा पुरावा यांपैकी काहीही लागत नाही. खासगीत पहिल्या वर्षाचा खर्च सहज पाच आकडी होतो. लस घेण्याआधी नाव आणि छापील किंमत विचारणं हा तुमचा हक्क आहे. कुठलाही भला डॉक्टर त्याला हरकत घेत नाही.

*थंडीचा फरक.* या बाबतीत सरकारी यंत्रणेला लोक सगळ्यांत कमी श्रेय देतात. लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी खास आइस-लाइन्ड फ्रिज असतो, जो वीज गेली तरी बराच वेळ थंड राहतो. तिथून डब्यात बर्फाच्या पॅकमध्ये लस अंगणवाडीपर्यंत जाते. सरकारी कुपीवर एक खूणही असते: गोल, आणि गोलाच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. चौकोन गोलाइतकाच गडद झाला असेल तर ती कुपी उष्णतेने वाया गेली. सिस्टरना म्हणा, "ताई, कुपी बघू का?" त्या दाखवतात.

खासगीत मिळणाऱ्या बऱ्याच तयार सिरिंजवर ही खूण नसते. तिथे सगळा भरवसा दवाखान्याच्या फ्रिजवर. म्हणून दोन गोष्टी विचारा: लसीसाठी वेगळा फ्रिज आहे का, आणि वीज गेल्यावर काय सोय आहे? आणखी एक सावधगिरी. काही ठिकाणी आईबाबांना मेडिकलमधून लस आणायला सांगतात. शक्यतो ते टाळा. आणावीच लागली तर थंड डब्यात आणा, पण बर्फाला चिकटवून नको. पेंटा, काविळ ब, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्र लस) या लसी गोठल्या तर निकामी होतात, आणि ते डोळ्यांना दिसेलच असं नाही.

मग मी काय सुचवतो? बहुतेक घरांसाठी मिळून-जुळून घेणं उत्तम. सरकारी यादीतल्या सगळ्या लसी सरकारीत, वेळेवर, फुकट. वाचलेल्या पैशांतून परवडेल तसं खासगीत टायफॉइड, कांजिण्या, गालगुंडासह एमएमआर, काविळ अ, फ्लू. जिथे पैशाची ओढाताण आहे तिथे सरकारी यादी पूर्ण केलेलं बाळ कशातही कमी नाही, हे मनापासून सांगतो. खरा धोका पैसे जमवून खासगीत सुरुवात करण्यात आणि दोन डोसांनंतर हात आखडल्यावर थांबण्यात आहे. थांबायची वेळ आली तर लाज वाटून घेऊ नका. कार्ड घेऊन सरकारी केंद्रात जा, तिथून पुढे सुरू करतात.

अदलाबदल करताना रोटाकडे लक्ष द्या. खासगीतल्या काही रोटा लसींचे दोनच डोस असतात, सरकारीचे तीन. एक डोस एका कंपनीचा आणि दुसरा दुसऱ्याचा झाला, किंवा आधी कोणती दिली तेच माहीत नसेल, तर एकूण तीन डोस पूर्ण करतात. म्हणून कार्डावर नुसतं 'रोटा' न लिहिता लसीचं नावही लिहून घ्या. खासगीत कुपीवरचा स्टिकर पुस्तिकेत चिकटवतात, तो असायलाच हवा.

आणि पोलिओ रविवार खासगीवाल्यांनाही असतो. बाळाने पूर्ण मात्रेची इंजेक्शनं घेतली असली तरी पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाने त्या दिवशी बूथवर जाऊन थेंब घ्यायचे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, तो या रविवारांमुळेच.

पाचवी पायरी: लसीच्या दिवशी

गावात असाल तर आशाताईंना सत्राचा वार आणि जागा विचारा. शहरात महापालिकेचा दवाखाना किंवा आरोग्य केंद्र गाठा. कुठल्या दिवशी कोणती लस देतात ते दारावर लिहिलेलं असतं. सकाळी लवकर जा.

बाळाला दूध पाजून न्या. सैल कपडे घाला, म्हणजे मांडी आणि दंड मोकळे करता येतात. साधी सर्दी, थोडा खोकला, हलके जुलाब असतील तर लस टाळायची गरज नाही. लोक इथेच सर्वांत जास्त वेळा माघारी फिरतात. कडकडून ताप असेल किंवा बाळ खरंच आजारी दिसत असेल तर मात्र सिस्टरना किंवा डॉक्टरांना आधी दाखवा. आधीच्या डोसला झटके आले असतील किंवा जोराची ॲलर्जी उठली असेल, तर ते न विचारताही सांगा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचंही वय जन्मतारखेपासूनच मोजतात. "अजून लहान आहे" म्हणून वाट बघायची नाही. वजन फारच कमी असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

सुई नवी, एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडलेली हवी. लस दिल्यावर सिस्टरनी चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून पुढच्या वेळी आणा. गर्दीत त्या विसरल्या तर तुम्ही विचारा. मग अर्धा तास तिथेच बसा. क्वचित येणारी तीव्र ॲलर्जी याच वेळात दिसते आणि तिचं औषध तिथे तयार असतं. रिक्षा उभी आहे म्हणून हा अर्धा तास सोडू नका.

सहावी पायरी: त्या रात्री

पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडीला सूज येऊ शकते. ताप आला तर पॅरासिटामॉलचे थेंब किंवा सिरप वजनाप्रमाणे द्या. मात्रा सिस्टरकडून कार्डावर लिहूनच घ्या. ताप यायच्या आधी देत बसायचं नाही. सुजेवर गार पाण्याची घडी चालते. चोळणं, हळद-चुना लावणं, गरम शेक देणं नको. अंगावरचं दूध चालू ठेवा.

बीसीजीचं वेगळं असतं. लगेच काही होत नाही, आणि काही आठवड्यांनी दंडावर फोड येतो, फुटतो, सुकतो, व्रण राहतो. ते तसंच व्हायचं असतं. त्यावर मलम लावू नका.

तीन तासांहून जास्त एकसारखं रडणं, झटके, श्वासाला त्रास, बाळ निपचित पडणं, किंवा उतरतच नाही असा जोराचा ताप, यांपैकी काही दिसलं तर घरी वाट बघू नका. जवळच्या दवाखान्यात जा, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. आणि जिथे लस घेतली तिथे कळवा, मग ती खासगीत घेतलेली असली तरी. अशा घटनांची चौकशी करणारी सरकारी व्यवस्था आहे आणि तिला माहिती मिळायला हवी.

सातवी पायरी: नऊ महिने आणि दीड वर्ष, इथे गळती होते

साडेतीन महिन्यांनंतर साडेपाच महिन्यांची मोठी खिंड आहे. आई कामावर परत जाते, बाळ बसायला लागतं, उष्टावण होतं, आणि लस डोक्यातून जाते. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा, पीसीव्हीचा बूस्टर, आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो. जिथे जपानी मेंदूज्वराचा धोका आहे, उदाहरणार्थ विदर्भातले काही जिल्हे, तिथे त्याची लसही याच वेळी देतात.

गोवराला साधा ताप-पुरळ समजू नका. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत गोवराची साथ उसळली आणि लहान मुलं दगावली. मालेगाव आणि भिवंडीतही त्याच सुमारास साथ आली होती. कोविडच्या दोन वर्षांत सत्रं मागे पडली, डोस चुकले, आणि दाट वस्तीत गोवराने ते बरोबर हेरले. गोवर इतका सांसर्गिक आहे की तो थोपवायला शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. नऊ महिन्यांचा एकच डोस सगळ्या मुलांत पूर्ण काम करत नाही, म्हणून १६ ते २४ महिन्यांतला दुसरा डोस टाळण्यासारखा नाही. त्याच भेटीत त्रिगुणीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचे थेंब असतात.

इथे पाहणीतल्या टक्केवारीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. 'पूर्ण लसीकरण' हा आकडा मोजताना बीसीजी, पोलिओ आणि त्रिगुणी किंवा पेंटाचे तीन-तीन डोस आणि गोवराचा एक डोस एवढंच धरतात. रोटा, पीसीव्ही, गोवराचा दुसरा डोस, बूस्टर त्यात येत नाहीत. म्हणजे त्या ७३ टक्क्यांतल्याही कित्येक बाळांचं वेळापत्रक अपुरं असू शकतं. "सिस्टर म्हणाल्या, पूर्ण झालं" एवढ्यावर समाधान मानू नका. कार्डातला रिकामा रकाना शोधा.

अ जीवनसत्त्व दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ वेळा पाजतात. खासगीत लस घेणाऱ्या घरांत हे हमखास राहतं, कारण दुसऱ्या वर्षानंतर त्यांचं दवाखान्यात जाणंच कमी होतं. अंगणवाडीत जाऊन ते घेता येतं.

आठवी पायरी: चुकलं असेल तर

डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. थांबलो तिथून पुढे, दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर ठेवून. काही लसींना वयाची मर्यादा आहे. बीसीजी एक वर्षापर्यंत मिळते. रोटा आणि पेंटाचा पहिला डोसही एक वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा. सुरू झाला असेल तर उरलेले नंतर पूर्ण करतात. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत, त्रिगुणी सात वर्षांपर्यंत. उशीर झालेल्या आईला कुणी केंद्रात रागावलं तर ते चूकच आहे. तरी मागे फिरू नका, बाळाला लस मिळेपर्यंत बसून राहा. कार्ड हरवलं असेल तर जन्माच्या गावच्या उपकेंद्रात नोंदवही असते, तिथून तारखा मिळतात. राज्याच्या १०४ क्रमांकावर फोन करूनही सल्ला विचारता येतो.

खासगीत घेत असाल तर हे एक काम

खासगीत घेतलेली लस सरकारी नोंदीत आपोआप जाईलच असं नाही. दवाखान्याने कळवली नाही तर तुमचं बाळ कागदोपत्री बिनलसीचं दिसतं. मग घरी आलेल्या आशाताईंना लोक दारातूनच "आमचं खासगीत आहे" म्हणून परत पाठवतात. असं करू नका. त्यांना आत बोलवा, पुस्तिका दाखवा, तारखा उतरवू द्या. एखाद्या वस्तीत नेमकी किती मुलं उघडी आहेत हे त्यांच्याच वहीवरून कळतं, आणि साथ आली तर पुढची मोहीम त्याच वहीवर उभी राहते. सोसायटीच्या वॉचमनलाही सांगून ठेवा की आरोग्य खात्याच्या ताईंना फाटकावर अडवायचं नाही.

परदेशी जाणार असाल तर

अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस शाळाप्रवेशासाठी धरत नाहीत, आणि तिथे गालगुंड आणि कांजिण्यांची लसही मागतात. जायच्या काही महिने आधीच बालरोगतज्ज्ञांना भेटून एमएमआर आणि कांजिण्यांचं वेळापत्रक आखून घ्या. प्रत्येक डोसची दिवस-महिना-वर्ष अशी पूर्ण तारीख इंग्रजीत लिहून, सही-शिक्क्यानिशी सोबत ठेवा.

पाच वर्षांनंतर

पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान त्रिगुणीचा दुसरा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. शाळेत आरोग्य पथक येतं तेव्हा संमतीचा कागद घरी येतो. त्यावर सही करून तो दुसऱ्याच दिवशी मुलाबरोबर परत पाठवा. शाळेत त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर हाच डोस आरोग्य केंद्रात मिळतो, तोही फुकट. कार्ड सोबत न्या. दहाव्या-सोळाव्या वर्षाचे रकाने त्यात शेवटच्या ओळीत आहेत.